हिरड्या वाढल्या, दोष कोणाचा?

हिरड्या सुजल्या, दातांवर चढू लागल्या की घरात पहिला आरोप ब्रशवर येतो. "दात नीट घासत नाहीस, दुसरं काय!" असे अम्मी म्हणते, सासूबाई म्हणतात, कधीकधी दाताचे डॉक्टरही म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण ज्याच्या शरीरात दुसऱ्याची किडनी, यकृत किंवा बोन मॅरो बसवला आहे, त्याच्या बाबतीत हा आरोप अर्धाच खरा असतो. उरलेला अर्धा भाग कोणी समजावून सांगत नाही. मग काही रुग्ण स्वतःच निष्कर्ष काढतात की "ही त्या गोळीचीच करामत आहे", आणि गोळी कमी करतात किंवा बंदच करतात. हिरड्यांसाठी उचललेल्या या पावलाची किंमत अम्मीने किंवा भावाने दिलेल्या किडनीने मोजावी लागते.

नवी मुंबईच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या तिथल्या केंद्रात, 2007 पासून बोन मॅरो प्रत्यारोपणे होत आहेत. किडनी आणि यकृताच्या प्रत्यारोपणासाठी पूर्वी परळ-माहीम गाठावे लागे, आता ती सोय बेलापूरपर्यंत आली आहे. पनवेल, तळोजा, उरण, महाड, श्रीवर्धन, थेट रत्नागिरीपर्यंतची कुटुंबे त्यासाठी इथे येतात. आणि गंमत म्हणजे हार्बर लाइनवर नेरूळ ते मानसरोवर या पाच स्टेशनांच्या पट्ट्यात नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंत महाविद्यालयेही आहेत, जिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. एवढे सगळे हाकेच्या अंतरावर असूनही किडनीची फाइल एका पिशवीत आणि दातांची चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत राहते. दोघांची गाठ पडत नाही.

गोळी आली कुठून?

1965 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला, तो रुग्ण फार दिवस जगला नाही. 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या किडनीचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. शस्त्रक्रिया जमू लागली होती, अडचण पुढे होती. शरीर परक्या अवयवाला ओळखते आणि त्याच्यावर हल्ला करते. तो हल्ला थोपवणारी तेव्हाची औषधे दुबळी होती किंवा फार कठोर होती.

1969 मध्ये स्वित्झर्लंडच्या सॅन्डोझ कंपनीचा एक कर्मचारी सुट्टीवर नॉर्वेला गेला आणि हार्डांगरविड्डा नावाच्या पठारावरची माती पिशवीत भरून घेऊन आला. त्या मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. 1978 मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना पहिल्यांदा दिले आणि 1983 मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने भारतातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण केले. आणि त्याच 1983 साली दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत पहिल्या तक्रारी छापून आल्या: हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढत आहेत.

दंतवैद्यांना हे दृश्य नवे नव्हते. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे 1939 पासून माहीत होते. पुढे 1984 मध्ये रक्तदाबावरच्या निफेडिपिनचे नाव या यादीत आले. आपल्याकडे घरोघरी असणारी अ‍ॅम्लोडिपिन ही त्याच गटातली गोळी आहे. तिने हिरड्या वाढण्याचे प्रमाण निफेडिपिनपेक्षा कमी असले तरी धोका आहेच.

फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या रुग्णांत हा त्रास दिसतो आणि सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांत, असे आकडे वैद्यकीय पुस्तकांत सर्रास दिलेले असतात. म्हणजे दहापैकी तिघांना होतो, सातजणांना होत नाही. गोळी तीच, डोसही जवळपास तोच. मग हे तिघे कोण आणि ते सातजण का वाचले?

हिरडीत नेमके काय घडते

सुरुवात बहुधा पुढच्या दातांपासून होते. दोन दातांच्या मधली हिरडीची त्रिकोणी टोके फुगतात, मग एकमेकांना भिडतात आणि दातांवर पदरासारखी चढतात. औषध सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांतच हे दिसू लागते. लहान मुले आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरे यांच्यात प्रमाण जास्त असते. जिथे दातच नाहीत, तिथे सहसा हिरडी वाढत नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्यावरून कळते की फक्त औषध पुरत नाही. दाताच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर आणि त्याचे पुढे होणारे कीटण हेही लागते.

हिरडीत धागे विणणाऱ्या पेशी असतात. त्या नवे धागे विणतात आणि जुने धागे गिळून मोडतातही. भिवंडीच्या एखाद्या कारखान्याची कल्पना करा. माग रात्रंदिवस चालू आहे, पण तयार माल उचलून नेणारे टेम्पो बंद पडले आहेत. काही दिवसांतच कापडाचे गठ्ठे दारापर्यंत येतील. सायक्लोस्पोरिन मुख्यतः हे टेम्पो अडवते, म्हणजे जुना धागा गिळण्याचे पेशीचे काम मंदावते. त्यात जंतूंच्या थरामुळे हिरडीला सूज असली की माग आणखी जोरात चालतो.

माग किती जोरात चालावा, टेम्पो किती भराभर निघावेत, आणि औषध पेशीत किती वेळ साचून राहावे, या तिन्ही गोष्टींवर आपल्या जनुकांचा थोडाथोडा हात असतो. इथे वंशाचा प्रश्न येतो.

जनुके काय सांगतात आणि किती सांगतात

पेशीच्या दारावर एक पंप असतो, आत आलेले औषध तो बाहेर फेकतो. हा पंप बनवण्याची सूचना एबीसीबी1 नावाच्या जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणात माणसामाणसांत बारीक फरक असतात, त्यामुळे काहींचा पंप जोमदार तर काहींचा सुस्त असतो. सायक्लोस्पोरिन याच पंपाने बाहेर जाते. म्हणून संशोधकांनी आधी या जनुकाकडे पाहिले. सुजेचा आणि धागे विणण्याचा हुकूम देणारे टीजीएफ-बीटा1 नावाचे रसायनही संशयित होते. 2001 मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांत या रसायनाच्या जनुकातला फरक आणि हिरड्यांची वाढ यांचा संबंध दाखवला. पोलंडच्या श्चेचिन शहरातल्या संशोधकांनी अशी बरीच जनुके एकेक करून तपासली, आणि त्यातल्या काहींत ठळक संबंध सापडला नाही. हे अभ्यास छोटे, लोक वेगळे, सोबतची औषधे वेगळी. एका देशात दोषी ठरलेले जनुक दुसऱ्या देशात निर्दोष सुटते, असे या क्षेत्रात अनेकदा झाले आहे.

तिसरा धागा एचएलएचा आहे. हे नाव प्रत्यारोपणाच्या घरांना पाठ असते. "एचएलए जुळला का?" हा प्रश्न आपल्याकडे निकाह ठरण्याइतक्याच काळजीने विचारला जातो. एकाच आई-बापाच्या दोन भावंडांचा एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि आई किंवा वडिलांशी निम्मा जुळतोच. जिथे नात्यात लग्ने होतात तिथे चुलत-मावस भावंडांतही जुळण्याची शक्यता थोडी वाढते. 1990 नंतरच्या दशकात युरोपातल्या काही पाहण्यांत डीआर2 हा एचएलए प्रकार असणाऱ्यांच्या हिरड्या जास्त वाढल्याचे आढळले, काहींत तसे आढळले नाही.

हे वाचून कोणी कपाटातली फाइल काढून डीआर2 शोधू लागेल, म्हणून आधीच सांगतो. आजच्या रिपोर्टमध्ये तो डीआर15 किंवा डीआर16 असा लिहिलेला असतो. डीआर15 आपल्या देशात अतिशय सर्रास आढळणारा प्रकार आहे. तो सापडला तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि नसला म्हणून ब्रश बाजूला ठेवण्याचा परवानाही मिळत नाही.

मग जनुके कोणाची धरायची, घेणाऱ्याची की देणाऱ्याची? अम्मीची किडनी बसवली म्हणून अम्मीच्या हिरड्यांचे गुण येतात का? नाही. किडनीत अम्मीची जनुके राहतात, हिरडी आणि आतडे मात्र आपलेच असतात. यकृताच्या प्रत्यारोपणात गोष्ट बदलते. औषध मोडण्याचे मोठे काम यकृत करते, आणि ते यकृत आता दात्याच्या जनुकांप्रमाणे चालते. म्हणजे रक्तात औषधाची पातळी किती राहील यात दात्याचाही वाटा येतो, हिरडी त्या औषधाला कसा प्रतिसाद देईल हे मात्र रुग्णाच्या जनुकांवर. बोन मॅरोमध्ये तर आणखी मजा आहे. भावाचा मॅरो बहिणीला दिला की बहिणीच्या रक्तातल्या पेशी भावाच्या होतात. उद्या तिने जनुक-तपासणीसाठी रक्त दिले तर रिपोर्ट भावाचा येईल! लाळेतही रक्तातल्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे तीही भरवशाची नाही. म्हणून असा रुग्ण कुठल्याही प्रयोगशाळेत जनुक-तपासणीसाठी गेला, तर मॅरो प्रत्यारोपण झाल्याचे आधी सांगितलेच पाहिजे.

आणि एक गैरसमज. हा त्रास मुलांना वारशाने जाईल का, मुलीच्या स्थळाला सांगावे लागेल का, अशी भीती काही घरांत असते. औषधाने होणारी हिरड्यांची वाढ हा आनुवंशिक आजार नाही. वारशाने जाते ती फार तर थोडी जास्त संवेदनशीलता, आणि औषध नसेल तर ती कधी जाणवणारही नाही. कोणतेही औषध न घेता एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हिरड्या वाढतात असा एक दुर्मीळ आजार आहे खरा. 2002 मध्ये ब्राझीलच्या एका कुटुंबात त्याचा संबंध एसओएस1 या जनुकाशी सापडला. पण ती बाब पूर्ण वेगळी.

उपचारांतही जनुकांचा हात

हिरडी का वाढली हे कळून रुग्णाला समाधान मिळेल, पण त्याला हवा असतो उपाय. तिथेही सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही, आणि त्यामागे काही अंशी हीच कारणे आहेत.

पहिला उपाय औषध बदलण्याचा. टॅक्रोलिमस हे दुसरे औषध 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून सापडले. (या औषधांचे मातीशी काय नाते आहे कोण जाणे!) त्याने हिरड्या क्वचितच वाढतात. सायक्लोस्पोरिन बंद करून टॅक्रोलिमस सुरू केले की हिरड्या काही महिन्यांत हळूहळू उतरतात. आज किडनीच्या नव्या रुग्णांना बहुतेक ठिकाणी आधी टॅक्रोलिमसच दिले जाते, म्हणून तरुण डॉक्टरांना वाढलेल्या हिरड्या पूर्वीइतक्या दिसत नाहीत. पण जुने रुग्ण, बोन मॅरोचे रुग्ण, आणि प्रत्यारोपण न झालेली पण नेफ्रोटिक सिंड्रोम किंवा अप्लास्टिक अ‍ॅनिमियासाठी सायक्लोस्पोरिन घेणारी मुले आजही आहेत.

बदल फुकटचा नसतो. टॅक्रोलिमसने मधुमेह होण्याचा धोका जास्त आहे. ज्या घरात अब्बांना, चाचांना, दादीला साखर आहे, तिथे डॉक्टर विचार करूनच सायक्लोस्पोरिनवर ठेवतात. शिवाय टॅक्रोलिमसचा डोस जनुकांप्रमाणे बदलतो. सीवायपी3ए5 नावाचे जनुक ज्यांच्यात काम करते ते हे औषध भराभर मोडतात, त्यांना सुरुवातीला नेहमीच्या दीड ते दोन पट डोस लागू शकतो. याविषयी 2015 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. हिरड्यांच्या जनुकांबाबत अजून संभ्रम असला तरी हे जनुक बरेच पक्के आहे. रोजच्या व्यवहारात मात्र डॉक्टर रक्तातली पातळी मोजूनच डोस ठरवतात. म्हणून पातळीच्या तपासणीला जाताना सकाळची गोळी घेऊन जायचे नसते, रक्त दिल्यावर घ्यायची, असे सांगतात. ते गांभीर्याने घ्यावे.

दुसरा उपाय अ‍ॅझिथ्रोमायसिनचा. हे प्रतिजैविक काही दिवस दिले की काही रुग्णांच्या हिरड्या उतरतात, हे 1990 नंतरच्या दशकात लक्षात आले. हे फक्त जंतू मारण्याने होत नाही. प्रयोगशाळेत असे दिसले की सायक्लोस्पोरिनने मंदावलेले धागे गिळण्याचे काम हे औषध पुन्हा सुरू करते, म्हणजे बंद पडलेले टेम्पो पुन्हा निघतात. पण गुण सगळ्यांना सारखा येत नाही. काहींचे रक्त येणे आणि दुखणे थांबते, पण आकार तसाच राहतो. जुनी, घट्ट झालेली हिरडी तर फारशी हलतच नाही.

इथे तो पंप पुन्हा आठवा. अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही तोच पंप पेशीबाहेर फेकतो. म्हणजे ज्या जनुकाचा हिरडी वाढण्याशी संबंध असू शकतो, तेच जनुक उपचाराचे औषध हिरडीत किती टिकेल यावरही परिणाम करू शकते. कोणाला अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावे आणि कोणाला थेट शस्त्रक्रियेकडे न्यावे हे जनुकावरून आधीच सांगता येईल का, या प्रश्नामागचा विचार हाच आहे. विचार पटण्याजोगा आहे. पण आज कोणी हिरड्यांच्या उपचारासाठी म्हणून हजारो रुपयांची जनुक-चाचणी करायला सांगितली, तर माझे मत स्पष्ट आहे: ते पैसे दर तीन महिन्यांच्या दातांच्या सफाईला वापरावेत. त्याचा फायदा आजच दिसतो.

अ‍ॅझिथ्रोमायसिन मेडिकल स्टोअरमधून स्वतः आणून घ्यायचे औषध नाही. हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल तर ते धोक्याचे ठरू शकते. आणि त्याचीच भावंडे असलेली एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम वाढवतात. दुकानदाराने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरे दिले तर किडनीवर बेतू शकते.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. वाढलेली हिरडी कापून किंवा लेझरने काढतात. दिसायला लगेच फरक पडतो, पण औषध तेच राहिले तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दीड वर्षाच्या आत ती पुन्हा मोठ्या प्रमाणात वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. ज्यांनी सफाई सांभाळली आणि तपासणीला येत राहिले, त्यांच्यात हे प्रमाण कमी.

रक्तदाबाची गोळी विसरू नका

आपल्याकडची एक बाब परदेशी पुस्तकांत फारशी ठळक नसते. सायक्लोस्पोरिन महाग. त्यावर भारतातल्या डॉक्टरांनी एक व्यवहारी मार्ग काढला होता: सोबत डिल्टियाझेम ही रक्तदाबाची गोळी द्यायची. ती सायक्लोस्पोरिनचे मोडणे मंदावते, त्यामुळे कमी गोळ्यांत तीच पातळी राहते आणि महिन्याचा खर्च उतरतो. गरीब कुटुंबांसाठी हा मोठाच आधार ठरला. पण डिल्टियाझेम स्वतःच हिरड्या वाढवणाऱ्या गटातले आहे. अ‍ॅम्लोडिपिनही सोबत असेल तर एकाच हिरडीवर दोन-दोन औषधांचा भार. काही रुग्णांत सायक्लोस्पोरिनला हात न लावता रक्तदाबाची गोळी दुसऱ्या गटातली दिली की हिरड्यांना आराम पडतो. हा बदल किडनीचे डॉक्टरच करू शकतात, पण त्यांना तोंड उघडून दाखवले तरच. तपासणीच्या दिवशी लघवी, रक्त, सूज सगळे विचारले जाते, हिरड्या सहसा कोणी पाहत नाही. आपणच सांगायचे: "डॉक्टरसाहेब, हिरड्या वाढल्या आहेत, यात गोळ्यांचा काही संबंध आहे का?"

हे सांगायला सर्वात जास्त संकोच तरुण मुलींना वाटतो. सायक्लोस्पोरिनने हिरड्यांबरोबर चेहऱ्यावर आणि हातांवर केसही वाढतात. सतरा-अठरा वर्षांची मुलगी ओढणीचे टोक तोंडावर धरून बोलू लागते, कॉलेजला जायचे टाळते, आणि एक दिवस गुपचूप गोळी सोडते. घरच्यांना कळते तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले असते. किशोरवयीन रुग्णांत गोळ्या चुकवण्याचे प्रमाण जास्त असते हे प्रत्यारोपण करणारे सगळेच डॉक्टर जाणतात, आणि दिसण्यातला बदल हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. अशा मुलीला "शुक्र कर, जीव वाचला" एवढेच ऐकवणे पुरेसे नाही. तिची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत, हे तिला खालाने, भाभीने, कोणीतरी सांगायला हवे.

मिसवाक, ब्रश आणि रमजान

मिसवाकची सुन्नत आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1986 मध्ये, जिथे तिची प्रथा आहे तिथे, दातांच्या सफाईसाठी तिची शिफारस केली. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने ती वापरायला हरकत नाही, फक्त काही काळजी घ्यावी. काडी ताजी असावी, रोज टोक कापून नवे धागे काढावेत, खिशात आठवडाभर फिरलेली काडी वापरू नये, कारण या माणसाची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम कमी केलेली असते. आडवे जोरात घासू नये, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळू फिरवावे. वाढलेल्या हिरडीच्या खालच्या खोबणीत मिसवाक पोचत नाही, म्हणून रात्री मऊ ब्रश आणि दोन दातांमधला बारीक ब्रश हवाच. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस कराव्यात. जास्त दिवस केल्या तर दात तपकिरी होतात, आणि टूथपेस्टनंतर लगेच केल्या तर गुण कमी येतो. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांचा प्रश्नच नको. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला तोंडाच्या कर्करोगाचा धोका आधीच जास्त असतो. म्हणूनच हिरडी एकाच जागी, एकाच बाजूला गाठीसारखी वाढली, लवकर वाढली किंवा तिला जखम झाली, तर "गोळीमुळे असेल" म्हणून थांबू नये. तिचा तुकडा तपासून घ्यावा लागतो.

रमजानमध्ये प्रश्न वेळेचा येतो. या गोळ्या बारा-बारा तासांनी घ्यायच्या असतात, आणि मुंबईत सहरीपासून इफ्तारपर्यंतचा काळ बारा तासांहून जास्त भरतो. पाणीही कमी पडते. आजारी माणसाला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घ्यायची की नाही हे किडनीच्या डॉक्टरांशी बोलून, रमजानच्या आधीच ठरवावे. रोजा ठेवण्यासाठी गोळीच्या वेळा स्वतःच सरकवू नयेत. सायक्लोस्पोरिनच्या अनेक कॅप्सूलमध्ये औषध विरघळवण्यासाठी थोडे अल्कोहोल असते, त्यावरूनही काहींच्या मनात शंका येते. शंका जरूर विचारावी, आलिमांनाही आणि डॉक्टरांनाही, पण उत्तर येईपर्यंत गोळी चालू ठेवून.

दाताच्या डॉक्टरांकडे जाताना

प्रत्यारोपण ठरले की तारीख येण्याआधीच दात तपासून, कीटण काढून, किडलेले दात काढून किंवा भरून घेणे सर्वांत सोपे. ज्यांचे डायलिसिस चालू आहे त्यांनी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जावे, कारण डायलिसिसच्या दिवशी रक्त पातळ करणारे हेपॅरिन अंगात असते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, तातडीची गरज नसेल तर, दातांची मोठी कामे टाळतात.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत, रक्तदाबाच्या गोळीसकट, आणि खाली किडनीच्या डॉक्टरांचा फोन नंबर. दाढ काढल्यावर सवयीने लिहून दिली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी नव्या किडनीला घातक ठरू शकते, त्याऐवजी सहसा पॅरासिटामॉल चालते. तोंडातल्या बुरशीसाठी दिले जाणारे फ्लुकोनॅझोलही औषधाची पातळी वाढवते, ते द्यायचे असेल तर रक्ताची तपासणी लवकर करावी लागते. टीबीचे रिफाम्पिसिन उलटे करते, पातळी पार खाली आणते. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात हे अनेकांना माहीत असते. त्याच्याच जातीतले पपनसही टाळलेले बरे, कोकणातल्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितो.

औषध बदलले तरी हिरड्या आठवड्यात उतरत नाहीत. पहिला फरक बहुधा रक्त येणे कमी होण्यात दिसतो, आकार उतरायला काही महिने लागतात. तोवर दर तीन महिन्यांनी सफाई, आणि जमल्यास दर वेळी एकाच प्रकाशात, ओठ वर करून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. नेरूळच्या दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांना आणि बेलापूरच्या किडनीच्या डॉक्टरांना तोच फोटो दाखवता येतो.